खंड पडलेला व्यायाम पुन्हा सुरू करताना

चतुर्थीचा सण आटोपतो, गणपतीचे विसर्जन होते, माटोळीची फळे वाटून संपतात आणि घरोघरी नित्याचा दिनक्रम पुन्हा सुरू होतो. या सुमारास एक गोष्ट दरवर्षी आढळून येते. आषाढ-श्रावणातील पावसाने सकाळचे फिरणे आधीच बंद पाडलेले असते. त्यात सणाच्या धांदलीचे आठ-दहा दिवस मिळतात, घरी नेवऱ्या-पातोळ्या होतात, आणि ज्यांनी ज्येष्ठापर्यंत नेमाने व्यायाम केलेला असतो त्यांचा नेम तोवर पुरता मोडलेला असतो. मग भाद्रपदाच्या अखेरीस एका सकाळी स्वच्छ ऊन पडते, मनास उभारी वाटते आणि हे गृहस्थ पूर्वीइतकेच अंतर चालावयास किंवा पूर्वीइतकेच सूर्यनमस्कार घालावयास निघतात. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरवत नाही. तिसऱ्या दिवशी ते घरी बसतात. चौथ्या दिवसापासून व्यायामाचा विषयच निघत नाही.

व्यायाम कायमचा सुटतो तो बहुधा या चार दिवसांत. पावसास किंवा सणास दोष देण्यात अर्थ नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा प्रदेशात वर्षभर अखंड व्यायाम करणारा मनुष्य विरळाच असणार. आजारपण, घरातील लग्नकार्य, निवडणुकीचे किंवा शिरगणतीचे काम, परीक्षा, प्रवास अशी खंडाची कारणे प्रत्येकाच्या वाट्यास येतात. खंड पडणार हे गृहीत धरून पुन्हा आरंभ कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यायामावर आपल्या भाषेत लेखन थोडे झाले आहे असे नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच बडोद्यात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. व्यायाम मोजून-मापून करावा ही दृष्टी आपल्याकडे अशी जुनीच आहे. व्यायाम सुटल्यावर शरीरात काय घडते, हेही तितकेच मोजता येते, आणि गेल्या साठ वर्षांत ते पुष्कळ मोजले गेले आहे.

शरीर काय गमावते आणि काय राखते

नियमित व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात रक्तातील द्रवभाग वाढलेला असतो. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक भरते आणि अधिक रक्त पुढे ढकलते. व्यायाम थांबला की हा वाढीव द्रवभाग सर्वांत आधी, म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच, कमी होऊ लागतो. मग तेच काम करण्यासाठी हृदयास अधिक ठोके द्यावे लागतात. पूर्वी सहज चढून जाणाऱ्या चढणीवर धाप लागते ती यामुळे. पुष्कळांना त्या वेळी आपल्याला काही रोग जडला किंवा वय झाले असे वाटू लागते. वस्तुतः जे सर्वांत आधी जाते ते सर्वांत आधी परतही येते. एक-दोन आठवड्यांच्या नियमित चालण्याने ही धाप बरीच उतरते.

स्नायूंच्या बळाची गोष्ट निराळी आहे. तीन-चार आठवड्यांच्या खंडात ते फारसे घटत नाही. बाह्यतः ही आनंदाची वार्ता असली तरी धोका नेमका येथेच आहे. हातापायांत जुने बळ असल्याने मनुष्य जुन्या संख्येस हात घालतो; पण तो भार निमूटपणे सोसण्याची स्नायूंची आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या स्नायुबंधांची सवय मात्र सुटत चाललेली असते.

हानी किती होते हे खंडाच्या कालावधीइतकेच खंडाच्या प्रकारावरही अवलंबून आहे. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेला एक प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले गेले. त्या अल्प काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढे सुमारे आठ आठवडे व्यायाम दिल्यावर ती भरून निघाली. तीस वर्षांनी, म्हणजे ते पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसून आले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जितकी हानी केली, त्याहून अधिक हानी विशीतील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. याउलट १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, सराव थांबवून नेहमीचे जीवन जगणाऱ्या धावपटूंची व सायकलपटूंची हीच क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांच्या आसपास आणि आठ आठवड्यांत १६ टक्क्यांच्या आसपास घटली.

या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. चतुर्थीत दहा दिवस व्यायाम चुकला, पण घरात वावर होता, बाजारहाट होता, पाहुण्यांची ऊठबस होती, त्या गृहस्थाचे फारसे काही बिघडलेले नसते. तापाने दहा दिवस अंथरुणास खिळलेल्या मनुष्याचे मात्र पुष्कळ बिघडलेले असते. दोघांनी एकाच मापाने आरंभ करणे योग्य नव्हे. आजारी माणसास ‘जरा पडून राहा’ असे आपण प्रेमाने सांगतो. परंतु ताप उतरल्यावर, वैद्यकीय मनाई नसल्यास, त्यास दिवसातून तीन-चार वेळा ओसरीपर्यंत चालविणे हे अधिक प्रेमाचे आहे. वृद्धांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे ठरते, कारण त्यांच्या मांड्यांचे गेलेले मांस सहजासहजी भरून येत नाही आणि पडण्याचे भय वाढते.

एकदा कमावलेले शरीर पुन्हा लवकर तयार होते, हा तालमीतील जुना अनुभव आहे. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली उंदरांवरील प्रयोगांतून त्यास एक कारण दाखविले. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंत जी नवी केंद्रके निर्माण होतात, ती स्नायू रोडावल्यावरही तीन महिन्यांपर्यंत टिकून राहिलेली त्यांना आढळली. इमारत उतरली तरी पाया जाग्यावर राहावा, तसा हा प्रकार.

अंगदुखीचा अर्थ

खंडानंतरच्या पहिल्या व्यायामाने अंग दुखते ते त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायूंत आम्ल साचते म्हणून हे दुखते, अशी समजूत शाळांतील व्यायामशिक्षकांतही आढळते. ती बरोबर नाही. श्रमाने वाढलेले ते आम्ल तास-दोन तासांत निघून जाते. दुखणे तर एक दिवस उलटल्यावर सुरू होते. स्नायू ताणला जात असताना त्याने भार पेलला, की त्याच्या तंतूंत सूक्ष्म इजा होतात, आणि त्या भरून येण्याच्या क्रियेत हे दुखणे उद्भवते.

म्हणूनच चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखविते. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर चढताना श्वास फुलतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या टेकडी उतरल्यामुळे. बैठक घेताना वर उठण्यापेक्षा खाली बसण्याच्या हालचालीत मांड्यांची खरी कसोटी लागते. खंडानंतरचा पहिला आठवडा सपाट रस्त्याने चालावे, टेकडी आणि देवळाच्या पायऱ्या मागाहून घ्याव्यात, असे सांगण्याचे कारण हे. एक-दोनदा हलक्या प्रमाणात असा भार घेतला की स्नायू त्यास सरावतात, आणि पुढच्या खेपेस तोच भार बराच कमी दुखवितो.

दोन्ही पायांस सारखी, मांसल भागात, दाबल्यावर जाणवणारी आणि चार-पाच दिवसांत ओसरणारी वेदना नैसर्गिक समजावी. तीत पूर्ण निजून राहण्यापेक्षा संथ चालणे बरे. सांध्यात, एकाच बाजूस, अचानक कळ येऊन सुरू झालेली किंवा सूज असलेली वेदना असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस दाखवावे. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेत राहू नये. याचे एक गंभीर कारण आहे, त्याकडे आता वळू.

लघवी काळसर झाल्यास

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावचे तरुण मैदानावर उतरतात. त्यांतील कित्येकांनी सहा-सहा महिने सराव सोडलेला असतो. पहिल्याच दिवशी पैज लागते, चारशे-पाचशे बैठका होतात, आणि मित्रमंडळी शाबासकी देतात. सरावाबाहेरच्या अशा अतिरेकाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटू शकतात. त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडांतून जाताना त्यांस इजा करतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन यंत्राद्वारे रक्तशुद्धी करण्याची पाळी येऊ शकते. धडधाकट तरुणांच्याच बाबतीत हे अधिक घडते, कारण दुबळा मनुष्य इतक्या बैठका घालूच शकत नाही.

याची खूण सोपी आहे. एक-दोन दिवसांत मांड्या किंवा दंड असह्य दुखू लागतात, सुजून घट्ट होतात, त्यांतील शक्ती जाते, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत थांबू नये. लघवीचा रंग असा बदललेला दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे आणि आदल्या दिवसांत केलेल्या व्यायामाची माहिती डॉक्टरांस स्पष्ट सांगावी. ती न सांगितल्यास निदान भलतीकडे जाऊ शकते. वेळेवर शिरेतून पुरेसा द्रव दिल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. कडक ऊन, पाणी कमी पिणे, नुकताच येऊन गेलेला ताप आणि मद्यपान यांनी हा धोका वाढतो, आणि अशा अवस्थेत घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवरचा भार आणखी वाढवितात.

शिक्षकवर्गाने हा मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. दीर्घ सुट्टीनंतर शाळेत आलेल्या मुलास शंभर-दोनशे उठाबशांची शिक्षा देणे म्हणजे वर वर्णन केलेला प्रकारच होय. आपल्या पिढीने अशा शिक्षा भोगल्या आणि आपल्याला काही झाले नाही, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ज्यांना झाले त्यांची नोंद त्या काळी कोणी ठेवली नाही, इतकेच. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे, हे वेगळे सांगावयास नको. कवायतीच्या तासासही हाच नियम लागू आहे. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा खेळ, संथ धावणे आणि अंग मोकळे करण्याच्या हालचाली यांत घालवावा. वेळ घेऊन धावण्याच्या शर्यती तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबणीवर टाकल्याने क्रीडामहोत्सवाचे काही बिघडत नाही.

आरंभ कितीपासून करावा

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला, आणि आजही मराठी घरांत व्यायाम म्हटला की प्रथम सूर्यनमस्कारच आठवतात. तेच उदाहरण घेऊ. एखादी व्यक्ती रोज चोवीस नमस्कार घालीत होती असे समजा. आठवड्याचा खंड पडला असल्यास अठरांपासून, दोन-तीन आठवड्यांचा असल्यास बारांपासून, आणि महिन्याहून अधिक असल्यास सहांपासून आरंभ करावा. दर तिसऱ्या दिवशी दोन नमस्कार वाढवीत गेल्यास बारांपासून निघालेली व्यक्ती अठरा दिवसांत आपल्या जुन्या संख्येवर येते. हा ढोबळ ठोकताळा आहे. साठीपलीकडील व्यक्तींनी वा आजारातून उठलेल्यांनी तोही निम्मा करावा. पहिल्या दिवशी नमस्कार संपल्यावर ‘एवढ्यावरच थांबायचे?’ असे वाटले, तर माप बरोबर पडले असे समजावे.

चालणाऱ्यांनी अंतर मोजण्याऐवजी वेळ मोजावी. पंचेचाळीस मिनिटे चालणाऱ्याने तीन आठवड्यांच्या खंडानंतर वीस-पंचवीस मिनिटांपासून निघावे. वेग किती असावा? पहिल्या आठवड्यात चालता चालता आरती म्हणता येईल इतकाच. दुसऱ्या आठवड्यापासून शेजाऱ्याशी बोलता येईल, पण आरती म्हणताना श्वास अपुरा पडेल, इतका तो वाढवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. तो मध्यम श्रम म्हणजे हाच दुसरा वेग.

पावसाळा सरताच येणाऱ्या उकाड्याचाही हिशेब ठेवावा लागतो. उष्णतेत काम करण्याची शरीराची सवय काही आठवड्यांच्या खंडाने जाते आणि ती परत येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा सुरू होणारा व्यायाम सूर्य वर येण्यापूर्वीचा असावा.

ज्यांनी अधिक सांभाळावे

अंगात ताप असताना घाम काढला की ताप जातो, ही समजूत घातक आहे. विषाणूंमुळे येणाऱ्या काही तापांत हृदयाच्या स्नायूस सूज येते, आणि अशा वेळी केलेले कष्ट जीवावर बेततात. साध्या पडशात, ताप नसेल व अंग दुखत नसेल तर, हलके चालण्यास हरकत नाही. डेंग्यूनंतर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून कष्टाचा व्यायाम वा कुस्तीसारखे धक्काबुक्कीचे खेळ सुरू करू नयेत. चिकनगुनियाचे सांधे महिनोन्महिने दुखू शकतात. तेथे वर सांगितलेली संख्या बाजूस ठेवून सांधे सोसतील तितकीच हालचाल करावी.

मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत प्रश्न दुहेरी आहे. व्यायामाने शरीरात इन्सुलिनचे कार्य सुधारते, पण तो लाभ एक ते तीन दिवसच टिकतो. यास्तव त्यांनी लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू न देणे इष्ट. खंडाच्या काळात साखर वाढल्याने औषधाची मात्रा वाढविलेली असेल आणि मग व्यायाम एकदम सुरू झाला, तर साखर फार उतरण्याचा संभव असतो. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांस विचारावे व खिशात साखर ठेवावी. हातास कंप, दरदरून घाम, एकाएकी भूक लागणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रक्तदाबाच्या गोळ्या ‘आता व्यायाम सुरू केला’ म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. चालताना छातीत दडपण आले, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकू लागले, घेरी आली, तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेतात राबणाऱ्यास व्यायामाचा उपदेश कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेतीतही खंड असतो. सरद पिकाची लावणी झाल्यावर कापणीपर्यंत, आणि कापणीनंतर वायंगणाच्या कामापर्यंत, कमरेस वाकण्याची सवय मोडते. कापणीच्या पहिल्या दिवशी दिवसभर वाकून दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसणारे प्रत्येक वाड्यावर भेटतात. माणसे पुरेशी असतील तर पहिले दोन दिवस कापणी, भारे वाहणे आणि मळणी ही कामे आळीपाळीने बदलून घ्यावीत, म्हणजे एकाच स्नायूवर सगळा भार पडत नाही. आजारातून उठलेल्या पाडेलीने तर पहिल्या आठवड्यात उंच माडांस हात लावू नये. वर चढण्याचे बळ पायांत असते, पण मुठीची पकड माडाच्या शेंड्यावर गेल्यानंतर सुटू लागते, आणि तेथे विसावा घेण्यास जागा नाही.

राहता राहिला पुढच्या पावसाळ्याचा प्रश्न. कमावलेली क्षमता टिकविण्यास ती कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. व्यायामाचा जोर तोच ठेवला, तर आठवड्यातून दोन दिवसांचा व्यायामही दम आणि बळ दोन्ही कित्येक आठवडे बऱ्याच अंशी टिकवितो. नमस्कारास एका चटईची जागा पुरते. पाऊस कोसळत असला तरी ओसरीवर बुधवारी आणि रविवारी चोवीसच्या चोवीस नमस्कार नेहमीच्या गतीने घालणारा गृहस्थ भाद्रपदाच्या अखेरीस रस्त्यावर उतरेल, तेव्हा त्याला अठरांपासूनही आरंभ करावा लागणार नाही.